नमुना कुठून घेतला?

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी रुग्णालयात न्यायच्या वस्तूंची यादी करत होते. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, की अशीच सुधारणा राहिली तर दोन-तीन दिवसांत घशातली नळी काढता येईल. म्हणून मी लिहायला घेतलं होतं : चष्मा, कंगवा, पुढून बटणं असलेले दोन गाऊन, खोबरेल तेलाची लहान बाटली, मोबाइलचा चार्जर. सहावी वस्तू आठवत होते, तेवढ्यात तिच्या यजमानांचा, वसंतभाऊंचा, फोन आला. "शैलाताई, आता काही आणू नका," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बरं काय म्हणाले, हे कळायला मला थोडा वेळ लागला... मग मी गॅस बंद केला, दार ओढून घेतलं आणि समोरच्या तिच्या बंद दारापुढे जाऊन उभी राहिले.

आता दिवाळी होऊन गेली. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या चार मजली इमारतीत कुंदा आणि मी चौदा वर्षं समोरासमोर राहिलो. मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि दुसरं कुणी तयार होत नाही म्हणून सोसायटीची सेक्रेटरी आहे. कुंदा मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रक्त, थुंकी, घशातला स्राव, काय काय तपासायचं ते तिचं काम. माहेर गिरणगावातलं, सासर रत्नागिरीकडचं. वसंतभाऊ एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. मूलबाळ नव्हतं. पन्नाशीला एक वर्ष कमी होतं तिचं. अंगाने भरलेली, चालायला संथ आणि बोलायला फटकळ. मला कधी नावाने हाक मारली असेल तर ती रागावल्यावर. एरवी मी "सेक्रेटरी".

आमची खरी ओळख पाण्याच्या टाकीवरून झाली. एका पावसाळ्यात इमारतीतली तीन-चार मुलं पोटाने आजारी पडली. मी गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं, बाटली भरली आणि पाणी तपासायला पाठवलं. अहवाल चांगला आला. मी तो खालच्या फळ्यावर दोन टाचण्या मारून लावला आणि स्वतःवर खूश होऊन तिथेच उभी राहिले. कुंदा ड्यूटीवरून आली. खांद्यावर पर्स, हातात डब्याची पिशवी. तिने अहवाल खालपासून वरपर्यंत वाचला. हो, खालपासूनच, ती सगळे अहवाल तसेच वाचायची.

"पाणी कुठनं घेतलंत?"

"टाकीतून. अजून कुठून घेणार?"

"टाकीत कुठनं? वरनं की तळातनं?"

"झाकण उघडलं, बाटली बुडवली."

"म्हणजे हा वरच्या वीतभर पाण्याचा रिपोर्ट आहे. टाकीचा नाही."

मला राग आला. पण त्याच रविवारी ती साडी खोचून लोखंडी शिडीने टाकीवर चढली. एका बाटलीला दोरीने दगड बांधला होता आणि बुचाला दुसरी दोरी. बाटली तळाला टेकल्यावर तिने बुचाची दोरी ओढली, बुडबुडे आले आणि बाटली वर आली तेव्हा तिच्यात पातळ चहासारखं पाणी होतं. तळमजल्यावरच्या हंसाबेन गच्चीच्या दारातून बघत होत्या. "कुंदाबेन, आप तो जासूस निकली!" त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "और आप क्या देख रही थी, ऊपर ऊपर का?" दुसरा अहवाल वाईट आला, टाकी धुतली गेली, मुलं बरी झाली. माझा अहवाल फळ्यावरून कुंदानेच काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला. "ठेवा फायलीत," म्हणाली. "खोटा नाहीये तो. अर्धा आहे."

तिच्या कामाचा तो पहिला नियम होता. नमुना कुठून घेतला हे लिहिलेलं नसेल, तर ती अर्ज परत पाठवायची, मग त्यावर कितीही मोठ्या डॉक्टरांची सही असो. घरीही तेच. वसंतभाऊ म्हणाले, की आमटीत मीठ बरोबर आहे, की ही विचारणार, "ढवळून चाखलीत का?" भाऊ हसून म्हणत, "आमच्याकडे जेवण नसतं, तपासणी असते."

या वर्षी ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लू आला. आधी पुण्याच्या बातम्या आल्या, मग मुंबईच्या. शाळा बंद झाल्या. औषधाच्या दुकानांत मास्क मिळेनात, लोक रुमालाची तिकोनी घडी तोंडाला बांधून फिरत. हंसाबेननी इमारतीतल्या सगळ्यांना कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या वाटल्या. शाळा बंद, त्यामुळे मला वेळ होता. मी एक वही आखली. घर क्रमांक, नाव, सकाळचा ताप, खोकला, शेरा. रोज सकाळी थर्मामीटर आणि स्पिरिटचा कापूस घेऊन सोळा घरं फिरायचे. हंसाबेन दारातच सांगायच्या, "आज बुखार नहीं है, लिख लो, थर्मामीटर मुँह में मत डालो, मेरा उपवास है."

कुंदाने वही पाहिली आणि विचारलं, "श्वासाचा रकाना कुठाय?"

"कुठला श्वास?"

"मिनिटाला किती श्वास घेतो माणूस. घड्याळ धरून मोजायचं. तापाचं काय, गोळी घेतली की उतरतो."

मी म्हटलं, पानावर जागा नाही. आणि पन्नासेक माणसांचे श्वास मोजत बसले तर दुपार होईल. ती म्हणाली, "बघा बाई. तुमची वही."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. मी तिला विचारलं, की एकाच घरात एकाला नुसतं नाक गळतं आणि दुसऱ्याला थेट रुग्णालयात न्यावं लागतं, हे कसं? तिने माझ्या वहीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ काढली. वर नाक, खाली फुप्फुस. म्हणाली, की लागण झाली का हा एक प्रश्न, विषाणू किती आणि कुठे आहे हा दुसरा. नाका-घशात राहिला तर ताप, अंगदुखी, आठ दिवसांत माणूस उठतो. खाली छातीत उतरला आणि तिथे वाढत गेला, तर मग कठीण. तिथे जितका जास्त आणि जितके दिवस, तितकी फुप्फुसं खराब. आणि गंमत म्हणजे खाली भरती चालू असताना वर नाकात ओहोटी लागलेली असू शकते. मग नाकातल्या कापसाला काय सापडणार? "आपली टाकीच की," मी म्हटलं. "टाकीच," ती म्हणाली. "पण नुसतं मोजून सगळं कळत नाही हां. काहींचं शरीर त्याच्याशी इतकं भांडतं, की त्या भांडणातच फुप्फुसं जातात." मग उठून साडी झटकत म्हणाली, "चला, चकल्यांची भाजणी दळायची राहिलीय."

भाजणी दळायची होती, कारण यंदा गावच्या गणपतीची पाळी त्यांची होती. वसंतभाऊ चार भावांतले तिसरे. घरचा गणपती एक, आणि दर वर्षी एका भावाची पाळी. ज्याची पाळी त्याने मूर्ती आणायची, पूजेला बसायचं, गौरी-गणपती पोचवेपर्यंत हलायचं नाही. चार वर्षांनी येणारी पाळी कुणी चुकवत नाही. कुंदाने सहा महिने आधी रजा मागितली होती. ती साथीमुळे रद्द झाली. "मी नाही, निदान चकल्या तरी जातील," म्हणाली.

चतुर्थीच्या आधीच्या मंगळवारी तिला ताप आला. गुरुवारी तिच्याच रुग्णालयात जाऊन तिने नमुना दिला. शुक्रवारी ताप उतरला. वसंतभाऊ जायला तयार नव्हते. दुपारच्या बसचं तिकीट खिशात घालून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "शैलाताई, मी राहतो. धाकट्याला बसवतो पूजेला." समोरच्या घरातून कुंदा ओरडली, "सेक्रेटरी, त्यांना बसमध्ये बसवा आधी! इथे राहून काय माझी आरती करणार?" ते गेले.

शनिवारी अहवाल आला. तिने मला हाक मारून सांगितलं, "निगेटिव्ह." मला चेष्टेची लहर आली. दारातूनच मी तिच्याच आवाजात विचारलं, "नमुना कुठून घेतला?" ती हसली, हसता हसता खोकली. "नाकातनं, बाई. छातीत काय बाटली सोडणार दोरीने?" आम्ही दोघी हसलो. मी वहीत तिच्या नावापुढे "निगेटिव्ह" लिहिलं. ताप नव्हता, तेही लिहिलं. रविवारी ताप नाही. सोमवारी ताप नाही. सोमवारी मी शेऱ्यात "बरी" लिहून बरोबरची खूण केली. त्या तिन्ही दिवशी ती सकाळ-संध्याकाळ अंगदुखीसाठी गोळी घेत होती. मला माहीत होतं, कारण गोळ्यांची पट्टी मीच आणून दिली होती.

सोमवारी दुपारी मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले, तेव्हा तिने दार उघडलं आणि चौकट धरून उभी राहिली. खुर्चीत दोन उशा एकावर एक ठेवलेल्या दिसल्या. मला वाटलं, टीव्ही बघत बसली असेल. "बोल की काहीतरी," मी म्हटलं. "कंटाळा... आलाय," ती म्हणाली. मी डबा ठेवला आणि निघाले. सोसायटीच्या आरतीच्या प्रसादाची यादी करायची होती.

त्याच संध्याकाळी वसंतभाऊंचा गावाहून फोन आला. "कशी आहे? मला खरं सांगा. निघू का मी?" मी सांगितलं, की तीन दिवस ताप नाही, रिपोर्ट निगेटिव्ह, माझ्या वहीत बरी लिहिलंय. आणि पुढे म्हणाले, "यंदा पाळी तुमची आहे. गौरी-गणपती पोचवूनच या. मी आहे ना इथे."

मी आहे ना इथे... मंगळवारी सकाळी बेल वाजवली, दार उघडेना. माझ्याकडे किल्ली असायची. कुंदा पलंगाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. खांदे वर-खाली होत होते. नखं निळसर दिसली. माझ्याकडे बघून तिने एकच शब्द उच्चारला, "रिक्षा." तशाही स्थितीत तिने नेमकं तेच मागितलं जे लागणार होतं. रिक्षाने जवळच्या नर्सिंग होममध्ये, तिथे ऑक्सिजन, तिथून रुग्णवाहिकेने तिच्याच रुग्णालयात. दुपारी घशात नळी घातली. वसंतभाऊ बुधवारी सकाळी पोचले, पूजा धाकट्यावर सोपवून. नळीतून, थेट छातीतून, दुसरा नमुना घेतला तो तिच्याच प्रयोगशाळेत गेला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईने तो तपासला. विषाणू भरपूर सापडला. त्या अर्जावर, नमुना कुठून घेतला, ते ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, असं ती बाई मला नंतर म्हणाली आणि रडली. विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या. मध्ये चार दिवस बरे गेले, त्यातच मी ती वस्तूंची यादी करायला घेतली. दहाव्या दिवशी कुंदा गेली.

लोक मला म्हणाले, तू किती केलंस तिच्यासाठी. इमारतीच्या शोकसभेतही तेच म्हणाले. मी ऐकून घेत होते, आणि प्रत्येक वेळी मला ती बरोबरची खूण दिसत होती. वसंतभाऊंना मी थांबवलं, ही गोष्ट फक्त त्यांना आणि मला माहीत होती, आणि त्यांनी ती एकदाही काढली नव्हती. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. त्याने मला जास्त त्रास होत होता. एकदा मी रुग्णालयात जाऊन तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, की दोन दिवस आधी आणली असती तर वाचली असती का? त्या तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. म्हणाल्या, "सांगता येणार नाही. औषध लवकर दिलेलं चांगलं, कारण विषाणू वाढत असतो तेव्हा ते त्याला अडवतं. पण विषाणू भरपूर असून वाचलेली माणसं मी पाहिलीत. आणि विषाणू कमी झाल्यावरही फुप्फुसं सावरली नाहीत, अशीही पाहिलीत." मी ते डायरीत उतरवून घेतलं. घरी येऊन वाचलं. ना हो, ना नाही. कुंदा असती तर म्हणाली असती, की उत्तर बरोबर आहे, तुम्हाला आवडत नाहीये एवढंच.

दिवाळी झाल्यावर भातकापणीसाठी वसंतभाऊ गावी जायला निघाले. घराची किल्ली द्यायला सकाळी आले. मी त्यांना बसवलं, वही काढली, ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही यायला निघाला होतात. मी नको म्हटलं. ती बरी नव्हती. माझ्याकडे श्वासाचा रकानाच नव्हता, आणि उशा बघूनही, तिला आडवं पडता येत नाही, हे मला कळलं नाही." सगळं सांगून टाकलं, गोळ्यांच्या पट्टीसकट.

ते पानाकडे बघत राहिले. बोटाने तिच्या नावावरून, तापाच्या आकड्यांवरून, खुणेपर्यंत आले. मग म्हणाले, "शैलाताई, तुम्हाला फोन करायच्या आधी मी तिच्याशीच बोललो होतो."

गावात त्यांच्या घरी मोबाइल लागत नाही. देवळामागे एक कातळ आहे, त्यावर चढलं की रेंज मिळते. तेही एका जागी उभं राहून, मान वळवली तर जाते. सोमवारी आरती झाल्यावर ते कातळावर गेले. कुंदाने फोन उचलला. चकल्या मऊ पडल्या का, विचारलं. मखराला कुठला रंग दिला, विचारलं. पण प्रत्येक दोन शब्दांनंतर तिचा आवाज जात होता. दोन शब्द, मग काही नाही. पुन्हा दोन शब्द...

"मी म्हटलं, अगं, तुझा आवाज तुटतोय," वसंतभाऊ म्हणाले. "मी आपला कातळावर इकडे सरक, तिकडे सरक, हात वर कर. पोरं हसत होती खालून. तेवढ्यात ती म्हणाली, 'हो... रेंज... नसेल.'"

त्यांनी पानावरचं बोट उचललं.

"रेंज होती, शैलाताई. लगेच तुम्हाला लावला तर तुमचा आवाज खणखणीत आला. एकही शब्द तुटला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. तिला ठाऊक होतं. मला पाळी पुरी करू द्यायची होती तिला... आणि मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ऐकलं."

त्यांनी वही बंद केली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "पान फाडू नका," म्हणाले. दारातून परत वळून म्हणाले, "कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाला. रोज नको."

त्यानंतर मी पुन्हा एकदा त्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. या वेळी मागचं काही विचारलं नाही. विचारलं, की समोर नसलेल्या माणसाला दम लागलाय, हे फोनवरून कळतं का? त्या म्हणाल्या, पक्कं असं नाही, पण एका दमात वीसपर्यंत मोजायला सांगा. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वाट बघू नका. तेव्हापासून मी हे सगळ्यांना करायला लावते, फोनवरच्यांनाही. नालासोपाऱ्याची माझी बहीण चिडते, म्हणते, मी काय पहिलीत आहे का? हंसाबेन गुजरातीत मोजतात आणि बाराच्या पुढे हसायला लागतात. वहीत मी नवीन पान आखलं आहे. तापाचा रकाना अर्धा केला आणि जागा निघाली. तेव्हाही निघाली असती.

परवा सकाळी वसंतभाऊंचा गावाहून फोन आला. गार पडलंय, रात्री थोडं खोकायला झालं, असं आदल्या दिवशी त्यांच्या भावजयीकडून कळलं होतं, त्यामुळे मी विचारणारच होते. पण त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. मागे वारा वाजत होता, म्हणजे कातळावरच उभे असणार. "ऐका," म्हणाले, आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन... एकसारखे, न थांबता, एकही आकडा न तुटता. मी कपडे वाळत घालायचे थांबवले आणि मोबाइल कानाला घट्ट धरला. वीस झाले. ते पुढे गेले. एकवीस, बावीस... सव्वीसला दम संपला.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल," मी म्हणाले.